उद्यापासून येतेस का?

अर्ज लिहिणे हा आमचा धंदाच आहे. गेली वीस-बावीस वर्षे आम्ही बेळगावच्या न्यायालयात अर्ज लिहीत आलो आहोत. मुदतवाढीचा अर्ज, तहकुबीचा अर्ज, जामिनाचा अर्ज, मयताचे वारस दाखल करण्याचा अर्ज, झालेली चूक पोटात घालावी अशा विनवणीचा अर्ज. अशा नाना परींच्या अर्जांनी आमचे आयुष्य भरून गेले आहे. त्यांतले काही मंजूर झाले, पुष्कळसे नामंजूर झाले. पण कसा लिहावा हेच उमगू नये असा अर्ज आमच्या वाट्याला कधी आला नव्हता. म्हणून गेल्या दिवाळीनंतर एके दिवशी आमच्या कारकुनांनी, "साहेब, मुलीचा एक अर्ज भरायचा आहे, जरा बघता का?" असे चाचरत विचारले, तेव्हा "त्यात काय एवढे!" असे मोठ्या उदारपणाने म्हणून आम्ही मोकळे झालो. हे तीन शब्द आम्हांला पुढे फार महाग पडले.

अर्ज होता दुकानातल्या नोकरीचा. आमच्या गावात अलीकडे एक भव्य कापडदुकान निघाले आहे. ज्यांच्या शाखा गावोगावी असतात आणि ज्यांचा मालक कोण हे तेथल्या नोकरांनाही धड ठाऊक नसते, अशांपैकी ते एक. तीन मजले, सरकते जिने आणि दारात पाऊल टाकताच अंगावर येणारा थंडगार वारा. दुकानाचे नाव येथे देण्याचे कारण नाही. आमची तक्रार त्या एकट्याविषयी नाही; शिवाय अब्रुनुकसानीच्या दाव्यात आम्हांला दुसऱ्याच्या वतीने उभे राहणेच अधिक आवडते.

मुलगी चोवीस वर्षांची. बी. कॉम. झालेली; पण तिचे खरे शिक्षण झाले ते खडेबाजारातल्या एका जुन्या साड्यांच्या दुकानात. तेथे तिचा प्रवेश कसा झाला ते सांगण्यासारखे आहे. थोरल्या बहिणीच्या लग्नाचा बस्ता बांधायला ती आईबरोबर त्या दुकानात गेली होती. गादीवर साड्यांचा ढीग पडला होता, गिऱ्हाइकांची गर्दी होती आणि आईचे मन काही केल्या एका रंगावर ठरत नव्हते. बसल्या बसल्या हिने पुढ्यातल्या दोन साड्यांच्या घड्या घातल्या. कोणी सांगितले नव्हते. हाताला चाळा म्हणून घातल्या. पण काठावर काठ नेमका बसला आहे, पदर वर आला आहे आणि साडी कोठेही चुरगळलेली नाही, हे गल्ल्यावर बसलेल्या म्हाताऱ्या मालकांनी चष्म्यावरून पाहिले. बस्ता बांधून झाला, पैसे चुकते झाले आणि पिशव्या हाती देता देता त्यांनी विचारले, "उद्यापासून येतेस का?"

मुलाखत म्हणावी तर ती एवढीच. सकाळी कॉलेज आणि दुपारनंतर दुकान असे करीत तिने पदवी घेतली आणि पुढे पूर्ण वेळ तेथेच राहिली. चार वर्षांत ती पारखी झाली. इरकल कोणती आणि इरकलीचे सोंग आणलेली कोणती, शहापुरी काठ कोणता, कोणता रंग पहिल्या धुण्यात जाईल, हे तिला बोटांनी कळे. खानापूरकडची बाई आली की मराठी, बैलहोंगलची आली की कन्नड, छावणीतली आली की हिंदी. चोर्ला घाट चढून लग्नाच्या खरेदीला येणाऱ्या गोव्याच्या मंडळींची तर तिच्याशी विशेष गट्टी जमे. कारण तिची आई डिचोलीची, घरात कोकणीच चालते. मात्र ह्या बायका भाव करताना आपापसांत कोकणीत जे काही बोलत, ते हिला अक्षर न् अक्षर कळत असूनही कळल्याची रेषसुद्धा ती चेहऱ्यावर उमटू देत नसे. ही विद्या कोणत्या विद्यापीठात शिकवतात असे ऐकिवात नाही.

मालक वारले. मुलगे बंगळूरला संगणकाच्या कामात. त्यांनी दुकानाची जागा मोबाईलवाल्याला भाड्याने दिली. गादी गेली, कपाटे गेली, चार नोकर घरी बसले. आमच्या कारकुनांना मधुमेहाने ग्रासलेले आहे, डोळे अधू झाले आहेत, आणि मुलीचा पगार घरात लागतो. तेव्हा हिने सुचले ते साधे केले. ती त्या नव्या दुकानात गेली आणि साड्यांच्या विभागात जो गृहस्थ व्यवस्थापक म्हणून उभा होता त्याला म्हणाली की मला काम येते, काम हवे आहे. त्याने भिंतीवरच्या एका पाटीकडे बोट दाखविले. पाटीवर काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची ती चौकट होती, जिच्यासमोर हल्ली मोबाईल धरावा लागतो. "सगळे तिथेच भरायचे," तो म्हणाला. "पण मी इथे समोरच उभी आहे ना?" असे हिने विचारले. तो हसला. हसणे वाईट नव्हते, असे तीच सांगते. "आम्हाला नावे वरून येतात," एवढेच तो बोलला.

अशा रीतीने एका रविवारी सकाळी दहा वाजता ती, तिचे वडील आणि आम्ही असे तिघे आमच्या टेबलाभोवती संगणकासमोर बसलो. प्रथम तिची माहिती एका कागदावर व्यवस्थित लिहून तो कागद यंत्राला अर्पण करावा लागला. यंत्राने तो गिळला आणि लगेच कागदात जे जे होते ते ते सर्व पुन्हा रकान्यारकान्यांत भरण्यास सांगितले. आम्ही कारकुनांकडे पाहिले. एकच मजकूर तीन प्रतींत लिहून घेण्यात ज्यांचा जन्म गेला, त्या आमच्या कारकुनांनाही हे थोडे अति वाटले.

काही रकान्यांपुढे तांबडी तारका होती. तारांकित रकाना रिकामा ठेवला की यंत्र पुढे सरकत नाही. जिल्ह्याच्या रकान्यात तयार यादी होती आणि तीत गावाचे जुने रूप होते. पण पिन क्रमांक घालताच यंत्राने आपण होऊन नवे रूप उमटविले आणि मग दोन्ही जुळत नाहीत म्हणून आम्हांलाच दोष दिला. २०१४ च्या नोव्हेंबरात आमच्या गावाचे सरकारी नाव बदलले. त्या नावावरून आणि गावावरून माणसांनी किती वर्षे घालविली हे ह्या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको; त्या वादात आता यंत्रेही उतरली आहेत आणि त्यांच्यातही एकमत नाही. शिक्षणाच्या यादीत बारावी होती, आमच्याकडची पी. यू. सी. नव्हती. भाषांच्या यादीत मराठी, कन्नड, हिंदी होत्या, कोकणी नव्हती. १९९२ साली कोकणी घटनेच्या आठव्या परिशिष्टात गेली, ही वार्ता त्या यादीपर्यंत पोचलेली नसावी. जी भाषा येत असल्यामुळे मुलीने गोव्याच्या निम्म्या लग्नांना साड्या विकल्या, ती सांगायला जागाच नव्हती.

खरी अडचण पुढे आली. 'पूर्वीच्या अधिकाऱ्याचा ई-मेल' असा एक तारांकित रकाना होता. पूर्वीचे अधिकारी स्वर्गवासी झालेले, आणि जिवंत असतानाही त्यांना ई-मेल नव्हता. त्यांचा सगळा पत्रव्यवहार लाल कापडी पुठ्ठ्याच्या वहीत चाले. 'मागील तीन महिन्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या जोडा' असे पुढे होते. पगार रोख मिळे आणि त्याच वहीत सही होई. मुलीने हळूच विचारले, "काका, अनुभव नाहीच म्हणून लिहू का? म्हणजे हे काही मागणार नाहीत." चार वर्षांचे आयुष्य एका टिचकीने पुसून टाकण्याची ही सूचना तिने अगदी सहज केली. आम्हांला ती मानवली नाही. शेवटी मालकांच्या थोरल्या चिरंजीवांना बंगळूरला फोन करून त्यांचा पत्ता घातला. त्या भल्या गृहस्थांनी, "ती ना? तिच्यामुळे तर शेवटची दोन वर्षे दुकान चालले," असे सांगितले. हे वाक्य घालायलाही रकाना नव्हता.

त्यानंतर परीक्षा. एकापाठोपाठ एक वाक्ये येत आणि 'पूर्णतः सहमत'पासून 'पूर्णतः असहमत'पर्यंतच्या पाच टिंबांपैकी एक निवडायचे. 'मी कधीही रागावत नाही.' 'मला गर्दीत काम करणे आवडते.' 'नियम आणि ग्राहक ह्यांत मी नियमाची बाजू घेतो.' साक्षीदाराला आम्हीही 'होय की नाही, एवढेच सांगा' असे दरडावीत असतो, हे कबूल केले पाहिजे. परंतु न्यायालयात उलटतपासणीनंतर फेरतपासणी असते. साक्षीदाराला 'मला असे म्हणायचे होते' असे सांगायची एक संधी मिळते. येथे टिंब पडले की पडले. मुलगी एकेका वाक्यापाशी थांबून, "कधी कधी येतो राग. पण दाखवत नाही. मग काय निवडायचे?" असे विचारी आणि आमच्यापाशी उत्तर नसे. मध्येच वेळ संपल्याचे सांगून यंत्राने एकदा सगळे पुसले. पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला. एक वाजला. आमच्या घरातून जेवणासाठी दोनदा बोलावणे येऊन गेले.

आणि मग तो प्रश्न आला. इंग्रजीत होता, त्याचा अर्थ असा: 'आपण आठवड्याचे सातही दिवस कामास उपलब्ध आहात काय?' खाली दोन चौकोन, 'होय' आणि 'नाही'. मुलीचा हात 'होय'कडे गेला. आम्ही म्हणालो, "थांब."

वाचकहो, त्या क्षणी आमच्यातला वकील जागा झाला. सकाळपासून तो तेथे निरुपयोगी होऊन बसला होता. आता त्याला काम मिळाले. कर्नाटकाच्या १९६१ च्या दुकानविषयक कायद्याने नोकराला आठवड्यातून एक दिवस सुट्टी दिलीच पाहिजे, असे आम्ही तिला सांगितले. जे मागायचा मालकाला अधिकारच नाही ते आपण लिहून का द्यावे, असेही विचारले. "काका, सगळे 'होय'च भरतात," ती म्हणाली. सगळे भरतात म्हणूनच मालक सोकावतात, असे आम्ही उत्तर दिले, आणि हक्क व कबुली ह्यांवर दहा मिनिटे बोललो. कारकून मान डोलवीत होते. ते आमच्या प्रत्येक वाक्याला गेली अठरा वर्षे मान डोलवीत आले आहेत. मुलीने 'नाही'वर टिचकी मारली.

पडदा क्षणभर पांढरा झाला. मग आभार मानणारे दोन ओळींचे पत्र आले: आपली पात्रता सदर जागेच्या गरजांशी जुळत नाही; ह्या मोबाईल क्रमांकावरून सहा महिने पुन्हा अर्ज करता येणार नाही.

कोणी काही बोलले नाही. मुलीने संगणक बंद केला, खुर्ची जागेवर सरकविली आणि "येते काका" म्हणून गेली. घरी गेल्यावर आईने दारातच "कितें जालें गो?" असे विचारले, तेव्हा "काही नाही, साईट बंद होती" असे तिने सांगितले, हे आम्हांला कारकुनांकडून दुसऱ्या दिवशी कळले. आमची चूक तिने आईपासूनसुद्धा झाकली.

चूक आमचीच होती, हेही दोन दिवसांत स्पष्ट झाले. त्या दुकानात काम करणाऱ्या तिच्या एका मैत्रिणीने उलगडा केला. सुट्टी तेथे आठवड्यातून एक मिळतेच. फक्त ती कोणत्याही वारी पडते, रविवारीच हवी असे म्हणता येत नाही. प्रश्नाचा रोख तेवढाच होता. 'सातही दिवस' म्हणजे 'सातांपैकी कोणताही दिवस'. एकेका 'किंवा'वर आणि एकेका 'आणि'वर आम्ही भर न्यायालयात दुपारच्या दुपारी युक्तिवाद केले आहेत. शब्दाचा अर्थ लावण्याबद्दलच लोक आम्हांला पैसे देतात. तो अर्थ आम्ही चुकलो आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या मुलीने दिली.

रात्री झोप येईना तेव्हा आम्ही दिवाणी प्रक्रिया संहिता काढून बसलो. १९०८ सालची, परक्या अमलातली, सामान्य माणसाला रडविणारी म्हणून बदनाम झालेली ही संहिता. तिच्या सातव्या आदेशात दावा फेटाळण्याचे नियम आहेत. अकराव्या नियमात कोणत्या कारणांनी फेटाळावा ते सांगितले आहे. बारावा नियम म्हणतो की फेटाळताना न्यायाधीशाने कारणे नमूद करावीत. आणि तेरावा म्हणतो की त्या कारणांवरून दावा फेटाळला गेला, तरी केवळ तेवढ्यामुळे वादीला नवा दावा आणण्यास प्रतिबंध होत नाही. हे तीन नियम आम्ही विद्यार्थिदशेत पाठ केले होते. त्यांत दयाबुद्धी आहे हे त्या रात्री प्रथम जाणवले. अर्थात ह्याचा येथे काही उपयोग नव्हता. कारणे दे, म्हणणे ऐकून घे, हे बंधन न्यायालयावर आणि सरकारवर. खाजगी दुकानदाराने कोणाला नोकरीस ठेवावे आणि कोणाला का ठेवू नये, हे विचारण्याची सोय सहसा नसते.

तरी आम्ही स्वस्थ बसलो नाही. पडद्यावर दिलेल्या पत्त्यावर खुलासा पाठविला. एका सेकंदात उत्तर आले, की ह्या पत्त्यावर आलेली पत्रे वाचली जात नाहीत. मग मुख्य कचेरीला दोन पानी पत्र स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पाठविले. पोच आली, कोणाची तरी वळवळीत सही आहे. पुढे काही आले नाही. एक फोन मात्र आला: तुमची निवड झाली आहे, गणवेषाच्या अनामतीचे पैसे अमुक क्रमांकावर भरा. मुलगी आनंदाने धावत आली. तो फोन दुकानाचा नव्हता, नोकरी शोधणाऱ्यांच्या मागावर असणाऱ्या भुरट्यांचा होता, हे तिला समजावून सांगण्याचे कामही आमच्याच नशिबी आले.

अखेर न्यायालय सुटल्यावर एका संध्याकाळी तिला घेऊन आम्ही त्या दुकानात गेलो. काळा कोट मुद्दाम अंगात ठेवला. व्यवस्थापक तोच होता. तिशीचा, दमलेला, गळ्यात दोरीला ओळखपत्र. लग्नसराईचे दिवस. टेबलावर उलगडलेल्या साड्या एकावर एक पडल्या होत्या आणि तो स्वतःच त्यांच्या घड्या घालीत होता. आम्ही झालेला प्रकार सांगितला. त्याने सगळे ऐकून घेतले. "अहो, तसा अर्थ नव्हता त्याचा. सुट्टी असतेच," तो म्हणाला. मग दुरुस्त करा, असे आम्ही म्हटले. "कुठे करू साहेब? मला दिसतच नाही ते." त्याने आपला मोबाईल पुढे केला. जी नावे गाळणीतून खाली येतात तेवढीच त्याला दिसतात. आठवडाभरात दोन आली होती, दोन्ही हुबळीची. ह्या विभागात तीन माणसे कमी आहेत, हे त्यानेच सांगितले. तो स्वतःही असाच लागला होता, चौथ्या खेपेस.

आम्ही बोलत असता मुलीचे लक्ष टेबलाकडे होते. तिने एक साडी ओढली, काठाला काठ लावला, तळहात फिरविला आणि घडी घालून बाजूला ठेवली. मग दुसरी. व्यवस्थापक बोलता बोलता थांबला. "छान घालता हो घडी," तो म्हणाला. क्षणभर आम्हांला वाटले, आता तो पुढचे वाक्य म्हणेल. त्याने तिसरी साडी तिच्या हातून घेतली, वर छताकडे, कॅमेऱ्याकडे पाहिले, आणि ओशाळून म्हणाला, "सहा महिन्यांनी पुन्हा भरा. नक्की भरा."

जुने सगळे चांगले होते, असे ह्यावरून आम्ही म्हणतो असा समज होऊ नये. खडेबाजारातल्या त्या म्हाताऱ्या मालकांची नजर तीक्ष्ण होती खरी. पण त्या पेठेत आडनाव, जात आणि गल्ली पाहून नजर फिरविणारेही होते, आणि त्यांनी कोणाला नाकारले ह्याची नोंद कोठल्याच वहीत नाही. यंत्राला आडनावाशी कर्तव्य नसते असे म्हणतात. असेलही, आडनावाचा रकाना तारांकित होता आणि पूर्ण उंचीचा फोटो जोडल्यावाचून अर्ज पुढे जात नव्हता, एवढे आम्ही पाहिले आहे. आमच्या कारकुनांनी तरुणपणी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव नोंदविले होते. पंचवीस किंवा अधिक माणसे असलेल्या खाजगी आस्थापनांनीही रिकाम्या जागा तेथे कळवाव्यात असा कायदा १९५९ साली झाला होता. कळवाव्यात इतकेच, तेथूनच माणूस घ्यावा असे नव्हे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने तो कायदा आपल्या पोटात घेतला. कारकुनांना सात वर्षांत एकही बोलावणे आले नाही. "पण खिडकीत एक माणूस होता," ते सांगतात. "मला बघितले की लांबूनच हात हलवायचा. नाही म्हणून." त्या माणसाची त्यांना अजून आठवण येते, ह्याचे आम्हांला पूर्वी हसू येत असे.

मुलगी सध्या शहापुरात एका ओळखीच्या बाईंच्या घरी ब्लाउजांना काजे-बटणे करून देते आणि दोन दिवस आमच्याकडे टंकलेखनाला येते. पक्षकार आले की त्यांना बसायला सांगते, कोण कोणत्या भाषेतला हे पहिल्या शब्दाला ओळखते. आम्ही तिला चार पैसे अधिक देऊ केले तर तिने घेतले नाहीत.

सहा महिन्यांची तारीख आम्ही आमच्या डायरीत घातली आहे. त्या दिवशी दोन दिवाणी अपिले आणि एक पोटगीचे काम आहे. त्यांच्या खाली कारकुनांनी तांबड्या शाईने नुसते 'अर्ज' असे लिहिले आहे, पक्षकाराचे नाव नाही. लिहिण्याआधी त्यांनी विचारले होते, "साहेब, पहिला दिवस धरायचा की वगळायचा?" मुदतीच्या कायद्याप्रमाणे पहिला दिवस वगळायचा, हे त्यांना ठाऊक आहे, आम्हांलाही ठाऊक आहे. आम्ही थोडा वेळ विचार केला आणि एक दिवस पुढचाच घाला, असे सांगितले.